जे इन्स्लींचे पावणेसहा महिने

देणगीदारांचा आकडा १,३०,००० वर पोहोचला आणि दोन-तीन दिवसांतच उमेदवाराने माघार घेतली. वॉशिंग्टन राज्याचे गव्हर्नर जे इन्स्ली १ मार्च २०१९ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले होते. २१ ऑगस्टच्या रात्री एका टीव्ही कार्यक्रमात त्यांनी ती सोडली. (हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, देशाच्या वायव्य टोकाचं राज्य. आणि गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. मतदारांनी थेट निवडलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवणारा माणूस.)

त्यांचा विषय एकच होता, हवामानबदल. रोजगार असो, आरोग्य असो की परराष्ट्र धोरण, प्रत्येक प्रश्न ते तिथूनच मांडत. निवडणुकीपुरता उचललेला हा मुद्दा नव्हता. खासदार असताना, २००७ मध्ये, त्यांनी एका सहलेखकासोबत स्वच्छ ऊर्जेवर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी पाठिंबा दिलेला कार्बनशुल्काचा प्रस्ताव त्यांच्याच राज्याच्या मतदारांनी फेटाळला, तरी ते मागे हटले नाहीत. २०४५ पर्यंत राज्याची वीज पूर्ण स्वच्छ करण्याच्या कायद्यावर त्यांनी प्रचाराच्या धामधुमीतच सही केली.

मग गाडी अडली कुठे? त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या सप्टेंबरमधल्या वादसभेसाठी दोन अटी होत्या: १,३०,००० देणगीदार आणि चार जनमत चाचण्यांत किमान २ टक्के पाठिंबा. पहिली पुरी झाली, दुसरी नाही. चाचणीत नाव नाही म्हणून मंच नाही, आणि मंच नाही म्हणून लोकांच्या तोंडी नाव नाही. निदान एक वादसभा फक्त हवामानावर घ्या, अशी इन्स्लींची मागणी होती. पक्षाने ती नाकारली. इतर कुणी भरवलेल्या तशा वादसभेला गेलात तर पुढे आमच्या मंचावर जागा नाही, असंही बजावलं. हा नकार मला आजही खुपतो. उमेदवार हरणं समजू शकतं, पण प्रश्नालाच वेळ नाकारायचा?

खरं मोल होतं ते त्यांच्या दोनशेहून अधिक पानांच्या आराखड्यात. २०३० पर्यंत कोळशावरची वीज बंद, २०३५ पर्यंत सगळी वीज स्वच्छ, आणि कोळशावर पोट असलेल्या कामगारांना निवृत्तिवेतन, आरोग्यसेवा व नव्या कामाचं प्रशिक्षण. खाण बंद करताना खाणकामगाराच्या घराचा विचार आधी करणारं हे कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

माघारीनंतर पंधरा दिवसांच्या आत शर्यतीतल्याच दुसऱ्या उमेदवार एलिझाबेथ वॉरन यांनी इन्स्लींचं नाव घेऊन त्यांच्या योजनेचा गाभा आपलासा केला. दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, सीएनएनने दहा उमेदवारांना हवामानावर सात तास बोलतं केलं. त्यात इन्स्ली नव्हते. २०२० मध्ये पक्षाचे उमेदवार जो बायडन यांच्या योजनेत स्वच्छ विजेसाठी २०३५ हेच वर्ष आलं. इन्स्लींच्या मोहिमेतल्या सहकाऱ्यांनी ‘एव्हरग्रीन’ ही संस्था काढून पाठपुरावा चालू ठेवला. २०२२ मध्ये हवामान आणि ऊर्जेसाठी शेकडो अब्ज डॉलरची तरतूद करणारा कायदा झाला; त्यातल्या बऱ्याच सवलती ट्रम्प सरकारने २०२५ मध्ये कापल्या.

इन्स्ली मात्र माघारीनंतर लगेच राज्याच्या कामाला लागले आणि २०२० मध्ये तिसऱ्यांदा गव्हर्नर झाले. २०२१ मध्ये त्यांनी मोठ्या प्रदूषकांच्या उत्सर्जनावर मर्यादा घालणारा, त्यांना परवाने विकत घ्यायला लावणारा कायदा आणला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाला आला. सहा वर्षांपूर्वी कार्बनशुल्क नाकारणाऱ्या त्याच राज्यात सुमारे ६२ टक्के मतं कायदा टिकवण्याच्या बाजूने पडली.