दोन टोकांचे दोन रोध

प्रयोगशाळेत आम्ही चार विद्युत मोटरींचे एक यंत्र जुळवत होतो. प्रत्येक मोटरीची गती सांभाळायला एक सर्किट बोर्ड, आणि चारही बोर्ड ‘कॅन बस’ने जोडलेले. कॅन बस म्हणजे एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा. बॉश कंपनीने १९८६ साली मोटारगाड्यांसाठी ही पद्धत जाहीर केली. दोन बोर्ड जोडले तर सारे ठीक चाले. चारही जोडले की संदेश हरवत आणि यंत्र मध्येच थांबे.

भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला, की लाट भिंतीपर्यंत जाऊन परत येते. (हा प्रयोग वर्गात जरूर करावा.) तारेतला विद्युत-स्पंदही मोकळ्या टोकावरून असाच परततो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. त्याला शोषून घेण्यासाठी बसच्या दोन्ही टोकांना, दोन तारांच्या मध्ये, १२० ओहमचा एकेक रोध लावतात. फक्त टोकांना, मधल्या बोर्डांना नाही.

आम्ही वीज बंद करून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला. १२० ओहमचे दोन रोध समांतर जोडणीत, म्हणजे ६० ओहम यायला हवेत. आले ३०! दहावीचे सूत्र आठवले आणि उलगडा झाला : चारही बोर्डांवर रोध आधीपासूनच जोडलेला होता. इतक्या कमी रोधावर बोर्डांना पुरेसे व्होल्टेज उभे करता येत नव्हते. मधल्या दोन बोर्डांवरचे रोध सोडवले, मीटरने ६० दाखवले, यंत्र चालू लागले.

तारा मात्र एका बोर्डाकडून पुढच्याकडे ओळीनेच न्याव्यात. मध्ये लांब फाटे फुटले, तर प्रत्येक फाट्याचे टोक पुन्हा मोकळेच राहते.