दिवसाला चाळीस हजार

जेम्स ग्रँट 1980 साली युनिसेफचे प्रमुख झाले. त्या काळात जगात पाच वर्षांखालची सुमारे 40,000 मुलं मरत होती, आणि तीही दररोज. म्हणजे साधारण दर दोन सेकंदांना एक मूल. हगवण, गोवर, डांग्या खोकला, धनुर्वात ही कारणं जुनीच, आणि त्यांवरचे उपायही हाताशी होते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे मृत्यू शेकडा 30 वरून चारच्याही खाली आणले होते. औषध सापडलं होतं, ते पोचवायची इच्छा सत्ताधाऱ्यांत जागवायची होती.

ग्रँट डॉक्टर नव्हते, वकिली शिकलेले होते. राष्ट्राध्यक्षांना भेटायला गेले की खिशातून याच मीठ-साखरेची, म्हणजे जलसंजीवनीची पुडी काढत आणि त्या देशातल्या लसीकरणाचा आकडा विचारत. कित्येकांना तो ठाऊकच नसे.

एल साल्वादोरमध्ये तर यादवी पेटलेली. बारा वर्षांत 75,000 माणसं गिळणारं युद्ध. तिथं ग्रँट यांचा मुद्दा सरळ होता: गोळीपेक्षा जास्त मुलं लस न मिळाल्यानं मरताहेत. पण एका दिवसाच्या शांततेनं भागणार नव्हतं. पोलिओ आणि त्रिगुणी लसीचे तीन डोस काही आठवड्यांच्या अंतरानं द्यावे लागतात, म्हणजे युद्धही तीनदा थांबायला हवं. चर्चच्या मध्यस्थीनं सरकार आणि गनिमी दोघंही राजी झाले. 1985 च्या फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलमधले तीन रविवार बंदुका थांबल्या आणि सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. पुढं 1992 मध्ये शांतता करार होईपर्यंत दर वर्षी असे दिवस पाळले गेले. मला हा विसाव्या शतकातल्या मुत्सद्देगिरीचा सर्वांत मोठा विजय वाटतो, आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याला ओळभरही जागा नसते याचा राग येतो.

1980 मध्ये जगातल्या पाचांतल्या एका बाळाला त्रिगुणीचे तिन्ही डोस मिळत. 1990 पर्यंत चारांतल्या तिघांना मिळू लागले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार अमलात आला. आज 196 पक्षांनी तो मान्य केला आहे. अमेरिकेनं, म्हणजे ग्रँट यांच्याच देशानं, 1995 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी त्यावर सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही.

2022 मध्ये पाच वर्षांखालची 49 लाख मुलं गेली. म्हणजे दिवसाला सुमारे 13,400. चाळीस हजारांच्या मानानं केवढी घट! पण यातली जवळजवळ निम्मी बाळं जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांतच जातात, आणि तिथं निव्वळ लस किंवा पुडी पुरत नाही. घरी येऊन बाळाचा श्वास पाहणारं, त्याला ऊब देणारं शिकलेलं माणूस लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना हे शिकवलं आणि नवजात मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. तो अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. आता प्रत्येक देशाच्या आरोग्यमंत्र्यासमोर बसून गावागावांतल्या अशा बायकांसाठी पैसे मागणारे ग्रँट हवे आहेत.