एक मिलिलिटरचा मामला

कच्च्या वाटेने डोंगर उतरताना बाइकवाल्याची एकदोन बोटं पुढच्या ब्रेकच्या लिव्हरवरून हलत नाहीत. उतारावर भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक जरा दाबलं की घसरतं. त्यामुळे वेग आवरायचा तो मुख्यतः पुढच्याच ब्रेकने. तोही जपून, कारण सुट्या मुरमावर पुढचं चाक अडकलं की माणूस खालीच. अशा वेळी लिव्हर मऊ लागला, दाबावा तितका आत जाऊ लागला, तर किती दाबल्यावर किती ब्रेक लागेल याचा अंदाजच सुटतो.

पुण्या-नाशकाकडे डर्ट ट्रॅकच्या शर्यती जुन्याच. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरीही पुण्यात बालेवाडीला झाली. हीरोच्या एक्सपल्ससारख्या गाड्यांमुळे हौशी माणसालाही कच्च्या वाटा खुल्या झाल्या आहेत. मऊ ब्रेकची तक्रार घेऊन तो गॅरेजात गेला की उत्तर ठरलेलं असतं, ‘एअर धरलीय, काढून टाकू.’ पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण एअर काढल्यावर पंधरवड्यात ब्रेक पुन्हा मऊ पडला, तर दुखणं दुसरीकडे आहे. म्हणून ऑइलची बाटली उघडण्याआधी लिव्हर काय सांगतो ते नीट पाहावं.

थेंबांचा हिशेब

समजा, लिव्हरच्या मुळाशी असलेल्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ११ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि लिव्हर दाबल्यावर तो १० मिलिमीटर सरकला. पुढे ढकललेलं ऑइल भरतं जेमतेम ०.९५ मिलिलिटर. चाकापाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये २७ मिलिमीटर व्यासाचे दोन पिस्टन असतील, तर तेवढ्या ऑइलवर ते एक मिलिमीटरही पुढे येत नाहीत. मात्र जोर बारापट होतो. पास्कलचा नियम तो हाच.

द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा अडकला असेल, तर तो चेपण्यातच लिव्हरच्या चालीचा सहावा-सातवा हिस्सा खर्च होतो. एवढ्याशा हवेने ब्रेक मऊ का पडतो, ते या हिशेबावरून कळेल.

बोटाने निदान

गाडी उभी करून लिव्हर चारपाच वेळा भराभर दाबावा. दर दाबाला तो कडक होत गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा मऊ पडला, तर हवेचा संशय पक्का. पण जोराने दाबून धरलेला लिव्हर हळूहळू आत सरकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे. नळीचे सांधे, कॅलिपरच्या पिस्टनभोवतालची जागा आणि लिव्हरचं मूळ पुसून ओल दिसते का ते पाहावं. सगळं कोरडं असेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबरी सील गेलेलं असतं आणि ऑइल आतल्या आतच मागे येतं. इथे कितीही हवा काढली तरी उपयोग नाही.

खडबडीत पट्ट्यानंतर पहिल्या दाबाला लिव्हर खोल जातो आणि दुसऱ्या दाबाला ठीक लागतो? मग डिस्क दगड लागून वाकली आहे का, चाकाचं बेअरिंग ढिलं झालंय का, ते बघावं. डुलणारी डिस्क पॅडना मागे ढकलते. ते अंतर भरून काढण्यात पहिला दाब वाया जातो.

एक पॅड जास्त आणि दुसरं कमी झिजलं असेल, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या चिखलाने किंवा गंजाने अडकल्या आहेत, असं बहुधा समजावं. मग एकच बाजू दाबली जाते, डिस्क किंचित वाकते आणि लिव्हरला स्प्रिंगसारखा ताण जाणवतो. पंक्चर काढून चाक बसवल्यावरही असं होऊ शकतं. म्हणून ॲक्सलला धरणारे फोर्कच्या पायाचे बोल्ट सैल ठेवून, फोर्क खालीवर दाबून, मगच ते आवळायचे.

राहिली नळी. एकाने लिव्हर जोरात दाबावा, दुसऱ्याने रबरी नळी मुठीत धरावी. ती फुगलेली जाणवली, तर बदलायची वेळ झाली. स्टीलच्या विणीची नळी कमी फुगते, म्हणून शर्यतीवाले ती पसंत करतात.

हवा काढताना

कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावं. लिव्हर दाबून धरायचा, निपल उघडायचा, बंद करायचा, मगच लिव्हर सोडायचा. क्रम चुकला तर बाहेर गेलेली हवा परत आत. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची टाकी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून.

तरीही मऊपणा उरला, तर हवा बहुधा मास्टर सिलिंडरपाशी, नळी जोडणाऱ्या बोल्टजवळ अडकलेली असते. तो भाग सर्वांत उंच. हँडल वळवून टाकी वर आणावी, झाकण नुसतं टेकवून ठेवावं आणि लिव्हर अगदी थोडा, सुरुवातीची दोनतीन मिलिमीटरच, पुन्हा पुन्हा हलवावा. टाकीच्या तळाच्या बारीक छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येतात. सिरिंजने खालून वर ऑइल चढवणंही चांगलं, कारण हवेला तसंही वरच जायचं असतं.

नळीचा बोल्ट सोडला असेल तर त्याचे वॉशर नवे घालावेत. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं. पॅडवर पडलं तर पॅड बदललेलंच बरं.

ऑइल आणि ओल

डॉट ४ ऑइल हवेतली ओल शोषतं. ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओल शोषलेल्याची किमान मर्यादा १५५ अंश. लांब उतारावर कॅलिपर तापला की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दाबली जाते. गाडी गार असताना कडक असलेला लिव्हर घाटाच्या पायथ्याशी मऊ झाला, तर दोष बहुधा जुन्या ऑइलचा. दोन वर्षांनी ते बदलावं; कोकणातल्या दमट हवेत लवकर. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नये, म्हणून लहान बाटलीच परवडते. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच प्रकार घालावा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. नाव जवळचं असलं तरी ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही.

काम झाल्यावर मोकळ्या सपाट जागी, चालण्याच्या वेगाने, ब्रेक लावून पाहावा. मग दहा मिनिटं गाडी तापवून पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळीही लिव्हर त्याच जागी थांबला, तरच डोंगराकडे निघावं. नाहीतर मास्टर सिलिंडर उघडण्यासाठी गाडी मेकॅनिककडे न्यावी, आणि तीही चालवत नाही, टेंपोत घालून.