महाविद्यालयात प्राध्यापक आधी कोणत्या विषयाचा?



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं एकच विषय असतो. कुणाची तोड आली आणि कुणाची मागं राहिली. आपल्या लागणीची नोंद आधीच्या तारखेची असताना टोळी शेजारच्या फडात कशी गेली, याचा जाब आपण चिटबॉयपासून चेअरमनसाहेबांपर्यंत सर्वांना विचारतो. विचारलाच पाहिजे. नोंदवहीत तारीख आहे, जात आहे, लागण की खोडवा हे लिहिलेले आहे. त्या क्रमाने तोड व्हावी, हा सभासदाचा हक्क आहे.

आता दुसरी गोष्ट पाहा. आपल्या भागातल्या महाविद्यालयात एक प्राध्यापक निवृत्त होतात. जागा एक आणि मागणारे विभाग चार. रसायनशास्त्रवाले म्हणतात आमच्याकडे प्रॅक्टिकल घ्यायला माणूस नाही. वाणिज्यवाले म्हणतात आमच्या वर्गात पोरं मावत नाहीत. इंग्रजीचे सर म्हणतात तिन्ही वर्षांना मी एकटाच. संगणकवाले म्हणतात आमच्याकडे कायम शिक्षकच नाही. जागा कुणाला द्यायची आणि ते कुणी ठरवायचे? हा प्रश्न विचारायला मात्र आपण कार्यालयाची पायरी चढत नाही. वास्तविक आपला ऊस फार तर दीड वर्ष रानात उभा असतो. एकदा नेमलेला प्राध्यापक पंचवीस-तीस वर्षे आपल्या पोरांना शिकवतो.

कारखाना आणि कॉलेज

सहकारी साखर कारखानदारी आणि शिक्षण यांचे नाते जुने आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला आणि पुढे त्याच परिसरात शाळा-महाविद्यालये उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापून ग्रामीण शिक्षणाची वाट त्याआधीच घालून दिली होती. १९८३ साली शासनाने विनाअनुदानित तंत्रशिक्षण संस्थांना परवानगी दिल्यावर अनेक कारखान्यांच्या परिसरात नवे अभ्यासक्रम सुरू झाले. इमारती झाल्या, प्रयोगशाळा झाल्या. वर्गात शिकवणारा माणूस कोण, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

या प्रश्नाची एक पद्धतशीर मांडणी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात झालेली आहे. तिथून काही घेण्यासारखे आहे आणि काही सावध होण्यासारखेही आहे, म्हणून ती येथे थोडक्यात देत आहोत.

कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजे

कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या परिसरातल्या लोकांसाठी असलेले दोन वर्षांचे महाविद्यालय. बारावीनंतर कुणीही यावे, कमी फीमध्ये शिकावे, पुढे विद्यापीठात जावे किंवा एखादा धंदा शिकून कामाला लागावे, अशी योजना. कॅलिफोर्नियातले असे पहिले कॉलेज १९१० साली फ्रेस्नो येथे निघाले. फ्रेस्नो म्हणजे द्राक्षे आणि बदाम पिकवणारा मुलूख, म्हणजे शेतकऱ्यांचाच. आज त्या राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत आणि विद्यार्थी वीस लाखांच्या घरात आहेत.

या कॉलेजांचा कारभार जिल्हावार मंडळांकडे असतो आणि मंडळाचे विश्वस्त लोक मतदानाने निवडतात. आपण संचालक निवडतो तसेच म्हणा ना. पण तिथल्या लोकांच्या लक्षात एक गोष्ट आली. निवडून आलेला विश्वस्त हिशेब पाहू शकतो, इमारत बांधू शकतो. परंतु भौतिकशास्त्र शिकवायला कोण लायक आहे, हे त्याला कळेलच असे नाही. आपल्याकडेही संचालक मंडळ पॅनमध्ये साखर कशी पाडायची हे ठरवत नाही. ते काम चीफ केमिस्टचे.

म्हणून १९८८ साली त्या राज्यात एक मोठा कायदा झाला. त्याने प्रत्येक कॉलेजातल्या शिक्षकांनी निवडलेल्या सभेला, म्हणजे अकॅडेमिक सिनेटला, अधिकृत स्थान दिले. शिक्षक नेमण्याचे निकष आणि पद्धत मंडळ व सिनेट यांच्या प्रतिनिधींनी मिळून ठरवायची आणि मग मंडळाने मंजूर करायची, असे ठरले. अभ्यासक्रम, परीक्षेचा दर्जा यांसारख्या विषयांत मंडळाने सिनेटचा सल्ला मुख्यतः मानायचा किंवा दोघांनी एकमताने ठरवायचे. सल्ला नाकारला आणि सिनेटने विचारणा केली, तर मंडळाने कारणे लेखी द्यायची. ही लेखी कारणांची अट फार मोलाची आहे. तोंडी नकार सोपा असतो, पण कागदावर सही करायची म्हटले की माणूस दोनदा विचार करतो.

क्रम कसा लावतात

किती जागा भरायच्या हे पैशावर ठरते आणि ते मंडळ व प्राचार्य पाहतात. पण कोणत्या विषयाची जागा आधी, याची यादी तिथल्या पुष्कळ कॉलेजांत शिक्षक आणि प्रशासन यांची संयुक्त समिती करते. प्रत्येक विभागाने एका ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा. त्यात साधारण असे प्रश्न असतात: विद्यार्थी किती आणि वाढतात की घटतात? कायम शिक्षक किती, तासावरचे किती? कोण निवृत्त झाले? जागा नाही म्हणून किती पोरे परत गेली? नर्सिंगसारख्या अभ्यासक्रमात मान्यतेसाठी शिक्षक ठेवणे सक्तीचे आहे काय?

समिती सगळे अर्ज वाचते, गुण देते आणि क्रमवार यादी प्राचार्यांकडे पाठवते. पुढे निवड समितीत त्या विषयाचे शिक्षक असतात. उमेदवाराला बहुधा नमुन्याचा पाठ घेऊन दाखवावा लागतो. नेमणूक झाली तरी कायम होण्यासाठी सर्वसाधारणपणे चार वर्षे कामाची पाहणी होते.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही तोडणीची नोंदवहीच आहे. निकष आधी जाहीर, नोंद सर्वांची, क्रम सर्वांना दिसेल असा. मग ज्याचा नंबर मागे आहे त्यालाही तो का मागे आहे हे कळते. राग राहतो, पण संशय राहत नाही.

तिथेही सारे आलबेल नाही

आता दुसरी बाजू. त्याच १९८८ च्या कायद्याने असे उद्दिष्ट ठेवले की शिकवण्याच्या तासांपैकी ७५ टक्के तास कायम शिक्षकांनी घ्यावेत. राज्याच्या सरासरीने ते आजवर गाठलेले नाही. संख्येने पाहिले तर निम्म्याहून अधिक शिक्षक तासावरचेच आहेत. एका कॉलेजात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात रात्री, अशी त्यांची धावपळ चालते. विद्यार्थ्याला अडचण विचारायची असेल तर मास्तर गाडीत असतो.

दुसरा एक नियम १९६१ चा. शिक्षणावरच्या चालू खर्चापैकी निदान निम्मा पैसा वर्गात शिकवणाऱ्यांच्या पगारावर गेला पाहिजे. हेतू चांगला, पैसा कचेरीत जिरू नये. पण या हिशेबात ग्रंथपाल आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणारे समुपदेशक वर्गशिक्षक धरले जात नाहीत. त्यामुळे त्यांच्या जागा वाढवायच्या म्हटल्या की ओढाताण होते. नियम केला म्हणजे काम संपले असे नाही. दरवर्षी तो तपासावा लागतो.

शिक्षकांच्या हाती क्रम दिला म्हणजे न्याय झालाच, असेही नाही. मोठ्या विभागाची माणसे जास्त, त्यांचा आवाज मोठा. एकच शिक्षक असलेला लहान विभाग मागे ढकलला जातो. हे आपल्याला नवीन नाही. मोठ्या गावाच्या गटाला टोळ्या आधी, वाडीला शेवटी, हे आपण पाहिलेलेच आहे.

आपल्याकडे कायदा काय सांगतो

आपल्याकडे अनुदानित जागेचा पगार शासन देते. म्हणून शासनाची परवानगी, बिंदुनामावली, जाहिरात, नेट-सेटची किंवा पीएच.डी.ची पात्रता आणि विद्यापीठाचे तज्ज्ञ असलेली निवड समिती, हे सर्व लागते. २०१७ पासून भरतीवर निर्बंध आले आणि पुढे टप्प्याटप्प्याने काही जागांनाच मंजुरी मिळाली. त्यामुळे अनेक ठिकाणी तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर गाडा चालला. तो शिक्षक मनापासून शिकवत असला तरी पुढच्या जूनला आपण असू की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

पण सगळेच मुंबईच्या हातात आहे असे समजू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिचे अध्यक्ष संस्थेचे असतात आणि प्राचार्य सदस्य-सचिव. त्यात शिक्षकांनी निवडलेले तीन शिक्षक असतात व त्यांत निदान एक महिला असते. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो. परिसरातले चार सदस्य असतात आणि त्यांत निदान एक माजी विद्यार्थी असतो. समितीच्या वर्षातून निदान चार बैठका व्हाव्या लागतात. नवीन अभ्यासक्रम आणि वाढीव शिक्षकपदे यांबाबत संस्थेला शिफारस करणे, हे तिच्या कामातच लिहिलेले आहे. म्हणजे क्रम लावणारे घर कायद्याने बांधून दिलेले आहे. त्यात दिवा लावायचे काम आपले.

शिवाय स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांच्या नेमणुका संस्थेच्याच पैशातून होतात. तिथे कोणत्या विषयाला माणूस आधी, हा निर्णय गावातच होतो. नेमका तिथेच कुणाचा पाहुणा, कुणाच्या गटाचा, अशी कुजबुज पारावर चालते. ती खरी असो वा खोटी, निकष लिहिलेले नसतील तर ती थांबणार नाही.

सभासदांनी काय विचारावे

आमच्या मते चार गोष्टी विचाराव्यात. एक, विकास समितीच्या बैठका वेळेवर होतात काय आणि शिक्षकांचे प्रतिनिधी खरोखर निवडून आलेले आहेत काय? दोन, रिकाम्या जागांची विषयवार यादी आहे काय? प्रत्येक विषयाचे आठवड्याचे तास, त्यांतले कायम शिक्षकाकडे किती आणि तासिकेवर किती, एवढे एका कागदावर मावते. तीन, जागा मागण्याचा ठरलेला नमुना आणि गुण देण्याचे निकष आधी जाहीर होतात काय? चार, समितीची शिफारस संस्थेने बाजूला ठेवली, तर लेखी कारण दिले जाते काय?

हे प्रश्न भांडायला म्हणून विचारायचे नाहीत. संस्थाचालकांनीही त्याचा राग मानू नये. उघड्या यादीचा पहिला फायदा त्यांनाच आहे, कारण शिफारशीची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या माणसाला दाखवायला त्यांच्या हातात एक कागद राहतो.

आपला ऊस वेळेवर गेला नाही तर वजन घटते, उतारा घटतो आणि ते काट्यावर व प्रयोगशाळेत लगेच दिसते. दोन वर्षे गणिताला कायम मास्तर नसला तर काय घटते, ते कुठल्याच काट्यावर दिसत नाही. ते पोरगं नोकरीच्या मुलाखतीला बसतं तेव्हा दिसतं, आणि तेव्हा जाब विचारायला समोर कुणी नसतं. म्हणून टोळीच्या क्रमासाठी जेवढ्या तळमळीने आपण गट ऑफिसला जातो, तेवढ्याच तळमळीने एकदा महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन ही यादी पाहायला मागावी, एवढीच विनंती.

जय सहकार!