दंतवैद्यकाचा प्रवेश आणि आजोबांचा दाखला

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने आमच्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या शैक्षणिक कार्यावर लेख मागितला होता. इतिहासाच्या शिक्षकाकडे दुसरे काय मागणार? परंतु गेली काही वर्षे जून-जुलै उजाडला की कळंब्याच्या आमच्या शाळेच्या व्हरांड्यात माजी विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील हातात प्लास्टिकची फाइल घेऊन उभे दिसतात. त्यांच्या प्रश्नांपैकी बरेचसे दंतवैद्यकाच्या, म्हणजे बी.डी.एस.च्या प्रवेशाविषयी असतात. तेच प्रश्न आणि तीच उत्तरे. म्हणून ती एकदा छापून ठेवावीत असे आम्ही ठरविले. शाहू महाराज या लेखात येतीलच, कारण त्यांच्याशिवाय यातला सर्वांत अवघड प्रश्न सुटत नाही.

पालक हलक्या आवाजात विचारतात तो प्रश्न प्रथम घेऊ. “सर, डॉक्टरकीला नंबर लागला नाही तर दाताला टाकायचे का?” या ‘टाकण्या’त सारा गैरसमज भरलेला आहे. बी.डी.एस. ही एम.बी.बी.एस.ची उतरण नव्हे. चार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता असा हा पाच वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन हे विषय येथेही आहेत. त्यांच्या जोडीला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरण्यापासून हाताचे कसब शिकावे लागते. ज्या मुलाला बारीक हस्तकामाचा कंटाळा आहे, त्याने गुण कितीही असोत, दोनदा विचार करावा. भारतात या शिक्षणाचा पाया डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात घातला. त्याच वर्षी मार्च महिन्यात आपल्या जिल्ह्यात माणगावची परिषद झाली, हा निव्वळ योगायोग. पण इतिहासाच्या शिक्षकाला तो सांगितल्यावाचून राहवत नाही.

आणि आपल्या भागाला दंतवैद्य हवेत का? घरातील आजीच्या मिश्रीच्या डबीकडे पाहावे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंड पुरते उघडत नाही असे तरुण आपल्या वस्त्यांत आहेत. गालाच्या आतला पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम बहुधा प्रथम दंतवैद्याच्याच नजरेस पडते. कर्करोग वेळेत ओळखला गेला की नाही, हे पुष्कळदा त्या पहिल्या नजरेवर ठरते.

आता परीक्षेविषयी. ‘नीट’खेरीज बी.डी.एस.ला प्रवेश नाही, मग महाविद्यालय शासकीय असो, खाजगी असो वा अभिमत विद्यापीठ असो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या विषयांची ही ७२० गुणांची परीक्षा. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा एक कापला जातो. बारावीला हे तीन विषय आणि इंग्रजी असावे लागते. गणिताची सक्ती नाही. बारावीच्या या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण हवीत. कमाल वयाची अट नाही, प्रयत्नांच्या संख्येलाही मर्यादा नाही. आमच्या मराठी माध्यमाच्या मुलांनी हे विशेष ध्यानात घ्यावे : प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण तसा पर्याय अर्ज भरतानाच द्यावा लागतो, तो मागाहून बदलता येत नाही. पुढचे शिक्षण मात्र इंग्रजीतच आहे. तेव्हा अकरावीपासून जीवशास्त्राच्या संज्ञा दोन्ही भाषांत पाठ करणे हा आमच्या मते उत्तम मार्ग.

‘पर्सेंटाइल’ या शब्दाने पालकांची दरवर्षी फसगत होते. पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गाला ४० पर्सेंटाइल लागते. हे टक्के नव्हेत. परीक्षा देणाऱ्या शंभरांपैकी किती जणांच्या पुढे आपण आहोत, एवढेच त्यातून कळते. शिवाय पात्र ठरणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. पात्र मुलांची संख्या जागांच्या कितीतरी पट असते. हा फरक न कळल्यामुळे ‘मुलगा नीट पास झाला’ म्हणून पेढे वाटले जातात, आणि त्याच आठवड्यात कोणीतरी गोड बोलणारा दलाल घरी येतो. त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे. २०२०-२१ या वर्षी देशात दंतवैद्यकाच्या सात हजारांहून अधिक जागा रिकाम्या राहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची अट दहा पर्सेंटाइलने खाली आणण्याचा आदेश दिला. महागड्या महाविद्यालयात जागा ‘मिळवून देणे’ ही काही करामत नव्हे, हे त्यावरून कळावे.

शासकीय दंत महाविद्यालय कोल्हापुरात नाही. आपल्याकडचे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय वैद्यकीय आहे, दंत नव्हे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये जुनी आणि नावाजलेली, तसेच मुंबई महापालिकेचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय. जवळपास पाहायचे तर वारणेकडे नवे पारगाव आणि सांगली येथे खाजगी महाविद्यालये आहेत. शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून केंद्राच्या समितीमार्फत भरतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. अनेकांना ही दुसरी नोंदणी माहीतच नसते. राज्याच्या जागांत अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे, अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के. निपाणी-बेळगावकडील आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट : सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी भाषिक मुलांसाठी राज्याच्या प्रक्रियेत वेगळी तरतूद आहे. माहितीपुस्तिकेतील ते पान शोधून वाचावे.

पसंतीक्रम भरताना ज्या महाविद्यालयात जायचेच नाही किंवा ज्याचे शुल्क झेपणारच नाही, त्याचे नाव यादीत घालू नये. आणि पहिल्या फेरीत जागा मिळाली की ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज घाईने भरू नये. तो भरला म्हणजे ‘मिळालेल्या जागेवर मी समाधानी आहे’ असे लिहून दिले, आणि पुढच्या फेऱ्यांतून नाव गेले.

येथवरचे सारे संगणकासमोर बसून उरकता येते. खरी अडचण पुढेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी राखीव जागेवर शासकीय दंत महाविद्यालयाच्या यादीत आली. वडील औद्योगिक वसाहतीत कामगार, घरात डॉक्टर होऊ पाहणारी ती पहिलीच. जातीचे प्रमाणपत्र हाती होते. जात वैधता प्रमाणपत्र मात्र नव्हते. निकाल लागल्यावर करू, असे घरी ठरले होते. अर्ज जुलैत गेला, त्रुटी निघाली, आणि मुदत टळून गेली. जागा गेली. मुलीचे गुण कमी नव्हते, कागद कमी होता. यात आमचाही दोष आहे. दहावीच्या निरोप समारंभात आम्ही ध्येय, जिद्द, चिकाटी यांवर पाऊण तास बोललो होतो. वैधतेविषयी एक वाक्यही बोललो नव्हतो.

त्रुटी कोणती होती, ते नीट समजून घ्यावे. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, कारण अनुसूचित जातींचा आदेश त्या तारखेचा आहे. भटक्या विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मुलीच्या आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढीच नोंद होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि आपल्या वाडवडिलांनी अभिमानाने मुलांच्या नावापुढे ‘बौद्ध’ लिहविले. त्यांनी योग्यच केले. मात्र बौद्ध हा धर्म आहे, जात नव्हे, आणि अनुसूचित जातींच्या यादीत नावे आहेत ती मूळ जातींची. १९९० साली संसदेने त्या आदेशात दुरुस्ती केली, आणि बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. मूळ जातीची नोंद मात्र दाखवावीच लागते. धर्मांतरितांसाठी प्रमाणपत्राचा स्वतंत्र नमुना आहे, तोच घ्यावा. ‘जे नाव आम्ही टाकून दिले तेच पुन्हा कागदावर का?’ असे एका आजोबांनी आम्हांला विचारले होते. त्या प्रश्नातली वेदना आम्ही जाणतो. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की कागद अन्यायाची नोंद ठेवतो, आणि त्या नोंदीवाचून भरपाई मागता येत नाही.

मग आम्ही त्या मुलीच्या वडिलांबरोबर त्यांच्या मूळ गावी गेलो. प्राथमिक शाळेच्या कपाटातून जनरल रजिस्टर निघाले, वाळवीने कडा खाल्लेले. नोंदी मोडीत होत्या. १९३४ सालच्या पानावर आजोबांचे नाव सापडले, ‘बिन’ लावून वडिलांचे नाव, जातीच्या रकान्यात ‘महार’, इयत्ता पहिली. आडनाव नव्हते, ‘कांबळे’ मागाहून लागले. महार समाजातील मुलगा गावच्या सर्वांच्या शाळेत, त्याच रजिस्टरात कसा, हे आता सांगितले पाहिजे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम दिला. त्या हुकुमाने उघडलेल्या वर्गात बसलेल्या एका मुलाची ती ओळ जवळपास नऊ दशकांनी नातीच्या कामी आली. वडील त्या पानावर हात ठेवून बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुलीने पुन्हा परीक्षा दिली, आणि यावेळी वैधता आधीच हाती होती. ती आता शासकीय महाविद्यालयात शिकते आहे.

म्हणून अकरावीत विज्ञान शाखेला प्रवेश घेताच कनिष्ठ महाविद्यालयाचे पत्र घेऊन वैधतेचा अर्ज ऑनलाइन भरावा आणि प्रत जिल्हा पडताळणी समितीकडे द्यावी. समितीचे कार्यालय विचारे माळ येथील सामाजिक न्याय भवनात आहे. वंशावळीचे शपथपत्र काळजीपूर्वक लिहावे. त्यातील प्रत्येक नाव जोडलेल्या कागदाशी जुळले पाहिजे. आडनाव किंवा नाव बदललेले असेल तर ते शपथपत्रात स्पष्ट सांगावे. वडिलांकडील रक्ताच्या नातलगापैकी कोणाला, म्हणजे सख्ख्या चुलत्याला, आत्याला किंवा चुलत भावंडाला, वैधता मिळालेली असेल तर ती अवश्य जोडावी. काम पुष्कळ हलके होते. भाऊबंदकीच्या भांडणापायी चुलत्याने कागद न दिल्याचे प्रकार आमच्या पाहण्यात आहेत. बांधाचे भांडण बांधावर ठेवावे. शाळेच्या रजिस्टरात काही न मिळाल्यास गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुक आणि जुने महसुली उतारे पाहावेत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यापूर्वीची कागदपत्रे संस्थानी दफ्तरातील, म्हणून पुष्कळदा मोडीतील असतात. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही विचारणा करावी.

उत्पन्नाचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून वेळेत काढावे. नॉन क्रीमीलेअरचे प्रमाणपत्र अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही. सेतू केंद्राबाहेर कोणी त्यासाठी पैसे मागितल्यास देऊ नयेत.

शुल्काची भीती अनेकांना अर्जापूर्वीच मागे ओढते. केंद्रीभूत प्रक्रियेतून जागा मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला, पालकांचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची, म्हणजे फ्रीशिपची योजना आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात. शिष्यवृत्तीतील काही रक्कम थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येते. ती महाविद्यालयाच्या शुल्काची असते, दुचाकीची नव्हे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्ग, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. संस्थास्तरावरील जागा आणि अभिमत विद्यापीठे यांना या सवलती लागू होतील असे गृहीत धरू नये.

पदवीनंतर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करून व्यवसाय करता येतो. पुढे शिकायचे असल्यास तीन वर्षांचा एम.डी.एस. आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी. स्वतःचा दवाखाना थाटायला खुर्ची, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचे साहित्य असा मोठा खर्च येतो. म्हणून बहुतेक जण आधी काही वर्षे दुसऱ्याच्या दवाखान्यात काम करतात. हे आधी ठाऊक असलेले बरे.

आमच्या शाळेचे स्वतःचे जनरल रजिस्टर कार्यालयात आहे. माजी विद्यार्थ्यांना त्यातील उतारा अर्ज केल्यावर मिळतो. ज्यांच्या घरी मोडीतील जुना दाखला किंवा उतारा असेल, त्यांनी तो कोणत्याही रविवारी सकाळी वंदनेनंतर घेऊन यावा. आम्ही तो वाचून देऊ. मूळ कागद आणावा. मोबाइलवरील छायाचित्रात मोडीचे फाटे दिसत नाहीत.