प्रौढांची परीक्षा आणि संगणकाचा सराव

शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढ मनुष्यास पुन्हां लहान मुलांच्या बाकावर बसविणें कठीण. परंतु त्याच्या अंगच्या ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यास दाखला देतां येतो. अमेरिकेंत याच विचारानें १९४२ सालीं सैनिकांसाठीं एक परीक्षा निघाली. ती जी. ई. डी. या नांवानें प्रसिद्ध आहे. शाळा सोडून युद्धावर गेलेल्या तरुणांस परत आल्यावर माध्यमिक शाळेच्या तोडीचा दाखला मिळावा, हा तिचा हेतु. मागाहून ती इतर नागरिकांसही खुली झाली. आपल्या धंद्याशीं तिचा संबंध असा कीं, १९६७ सालीं तेथील सरकारनें हंगामी शेतमजूर व त्यांचे कुटुंबीय यांस या दर्जाच्या परीक्षेसाठीं तयार करणारी निराळी योजना सुरू केली.

गणित, भाषा, विज्ञान व सामाजिक शास्त्रें असे या परीक्षेचे चार विषय आहेत. १०० ते २०० या श्रेणींत प्रत्येक विषयांत १४५ गुण मिळाले म्हणजे उमेदवार उत्तीर्ण होतो. चारही विषय एकाच दिवशीं द्यावे लागत नाहींत, ही मोठीच सोय होय. मात्र २०१४ सालापासून ही परीक्षा कागदावरून संगणकावर गेली, आणि प्रौढांपुढें एक नवा अडसर उभा राहिला.

भाषेच्या परीक्षेंत परस्परविरुद्ध मतांचे दोन उतारे देतात. कोणाचा पुरावा अधिक सबळ, हें ४५ मिनिटांत कळफलकावर लिहून दाखवावें लागतें. आतां हिशेब पाहावा. वाचन व विचार यांत वीस मिनिटें गेलीं तर पंचवीस उरलीं. ज्याचें बोट मिनिटास पांच शब्दच उमटवितें, त्याचे सव्वाशे शब्द होतात. मनांत मुद्दे भरपूर असूनही तो गुणांस मुकतो, आणि आपणांस बुद्धीच नाहीं असें समजून घरीं बसतो. हें नुकसान मोठें आहे.

यास्तव संगणकाचा सराव शेवटच्या आठवड्यावर न टाकतां पहिल्या दिवसापासून करवावा. प्रथम माउस धरणें व पडद्यावरील उत्तर उचलून योग्य जागीं ठेवणें शिकवावें. नंतर रोज वीस मिनिटें दहाही बोटांनीं टंकलेखन करवावें. आरंभीं पाहून, मग स्वत:चे विचार लिहवावे. गणिताचे पहिले पांच प्रश्न गणकयंत्रावांचून सोडवावयाचे असतात. पुढें पडद्यावरचें गणकयंत्र मिळतें. तेव्हां दोन्ही रीति हातांत बसल्या पाहिजेत. शेवटीं घड्याळ लावून सबंध परीक्षेची तालीम घ्यावी.

विषय मात्र विद्यार्थ्याच्या अनुभवांतून शिकवावा. एका एकरास ४० पौंड खत लागतें तर साडेतीन एकरांस किती, हें शेतमजूर तोंडानें सांगतो. तेंच त्रैराशिक आहे असें दाखविलें कीं त्याची भीति जाते. दोन बियाणेंविक्रेत्यांपैकीं कोणावर भरंवसा ठेवावा हें जो पारखतो, त्यास दोन उताऱ्यांतील पुरावा तोलणें अवघड नाहीं.

आपल्याकडे १७ नंबरचा अर्ज भरून दहावीस बाहेरून बसतां येतें, व ती परीक्षा हातानें लिहावयाची असते. म्हणून हा प्रश्न परका वाटेल. परंतु २०२३ सालची तलाठी-भरतीची परीक्षा संगणकावरच झाली, हें वाचकांस ठाऊक आहे. ज्यांच्या घरीं संगणक आहे त्यांनीं शाळा सुटलेली सून, भाऊ किंवा सालगडी यांस रोज वीस मिनिटें त्यावर बसूं द्यावें. चूक झाली तर हंसूं नये. पेरणीप्रमाणें याही कामाची वेळ आधीं असते. परीक्षेच्या दिवशीं ती निघून गेलेली असते.