तिरक्या घराचे सरळ चित्र

रस्ता तिरका असला की घरही तिरके बांधले जाते. उत्तर दिशा वर ठेवून त्याचा प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा आराखडा, काढला तर भिंती कागदाच्या कडांना समांतर येत नाहीत. मग एलेव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारे चित्र, कसे काढायचे?

समजा, 10 मीटर लांब व 6 मीटर रुंद घर 30 अंशांतून फिरलेले आहे. कॅडमध्ये आपण नेहमीचे 'समोरचे दृश्य' मागितले, तर संगणक घराकडे नव्हे, अक्षांकडे पाहून ते देतो. लांब भिंत 10 × कोसाइन 30°, म्हणजे 8.66 मीटर दिसते. बाजूची भिंतही 3 मीटर डोकावते. उंची तेवढी खरी राहते. या चित्रावरून माप घेतले, तर 1.2 मीटरच्या खिडकीसाठी सुतार 1.04 मीटरची चौकट करून आणेल!

यावर उपाय म्हणून घर फिरवू नये. उत्तर दिशा आणि मोजणीचे बिंदू बिघडतात. अक्ष फिरवावेत. ऑटोकॅडमध्ये 'यूसीएस' या आज्ञेने क्ष-अक्ष भिंतीलगत ठेवायचा, मग 'प्लॅन' ही आज्ञा द्यायची. पडद्यावर भिंत आडवी होते, घर मात्र जागचे हलत नाही. आता कोपरे, दारे, खिडक्या यांवरून लंब रेषा खाली उतरवून त्यांवर उंची मोजली की खरे एलेव्हेशन मिळते.

वर्गात संगणक नसला तरी अडत नाही. कागदावर 20 सेंटिमीटरची रेषा खालच्या कडेशी 30 अंशांत काढा. दोन्ही टोकांतून कडेवर लंब टाका. लंबांमधले अंतर विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. ते सुमारे 17.3 सेंटिमीटर भरेल. सुमारे 2.7 सेंटिमीटर कुठे गेले, हे मात्र त्यांनीच सांगावे.